‘न’ला सुट्टी

चूक माझी नव्हती, उन्हाची होती, हे मी पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. महत्त्वाचं ते पहिल्या ओळीत सांगावं असं आमच्या धंद्यात शिकवतात. मी एका वर्तमानपत्रात पहिल्या पानाचा उपसंपादक आहे. बातमीदार जे लिहून आणतात त्यातलं निम्मं कापायचं आणि उरलेल्यावर मथळा चढवायचा, हे माझं काम. गेल्या आठवड्यात पारा असा चढला होता की कचेरीतला पंखा वारा घालत नव्हता, नुसता उकाडा ढवळत होता. अशा वेळी माझ्या टेबलावर मथळा आला, ‘उद्या शहरात पाणी येणार नाही’. मथळा एका शब्दाने लांब होत होता. कोणत्या शब्दावाचून अडणार नाही, याचा मी अनुभवी माणसासारखा शांतपणे विचार केला आणि शेवटचा शब्द उडवला.

मथळा जागेत अगदी चपखल बसला.

सकाळी सगळं शहर निर्धास्त होतं. कुणी एक बादली भरून ठेवली नाही. आमचे संपादक डोक्याला साबण लावून उभे असतानाच नळाने शेवटचा सुस्कारा टाकला. ते तसेच टॉवेलने डोकं पुसून कचेरीत आले. दिवसभर त्यांच्या कानामागे फेस वाळलेला होता आणि ते मला एक अक्षर बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, “ऊन फार आहे. तुम्ही थोडे दिवस सातवं पान बघा.”

सातवं पान म्हणजे हवामान, शब्दकोडं आणि ‘हरवले-सापडले’. तिथे गेलेला उपसंपादक फक्त हरवतो. तो सापडल्याचं माझ्या माहितीत नाही.

“साहेब, एवढा आठवडा द्या,” मी म्हणालो. “डोकं ताळ्यावर आणून दाखवतो.”

“रविवारी फोन करतो,” साहेब म्हणाले आणि कानामागे खाजवू लागले.

घरी येऊन मी ही आपत्ती सांगितली तेव्हा बायको म्हणाली, “अहो, त्यात काय एवढं? मी परवा चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता. चांगला गार लागला.” कॉलेजात जाणाऱ्या आमच्या लेकीने मात्र प्रकरण मनावर घेतलं. तिने आमच्याच वर्तमानपत्राची पुरवणी उघडली आणि वाचून दाखवलं, “उन्हाळ्यात मेंदू सुस्तावतो. त्याला तल्लख ठेवायचं तर रोज एक छोटं आव्हान द्या.” हा लेख मीच तपासला होता. त्यातलं निम्मं मीच कापलं होतं, आणि नेमकं कोणतं निम्मं, ते आता आठवत नव्हतं.

उरलेल्या निम्म्यात दोन उपाय होते. एक, डाव्या हाताने दात घासणं. मी घासले. दातांपेक्षा हनुवटी जास्त स्वच्छ झाली. दुसरा, कचेरीला रोज वेगळ्या रस्त्याने जाणं. मी गेलो, आणि ज्या गल्लीत शिरलो ती एका कुत्र्याची खाजगी मालमत्ता निघाली. मेंदू तल्लख झाला की नाही सांगता येत नाही, पाय मात्र फारच झाले.

“बाबा, हे सगळं हातापायांचं आहे,” लेक म्हणाली. “तुमचा रोग शब्दांचा, औषधही शब्दांचंच पाहिजे.” तिने बिस्किटांचा एक रिकामा डबा घेतला आणि सगळी मुळाक्षरं चिठ्ठ्यांवर लिहून आत टाकली. रोज सकाळी एक चिठ्ठी काढायची. जे अक्षर निघेल त्याला त्या दिवशी सुट्टी. उठल्यापासून झोपेपर्यंत ते तोंडातून बाहेर पडता कामा नये.

मला ही कल्पना इतकी आवडली की मी तिथल्या तिथे नियमावली केली. अक्षर काना-मात्रा-वेलांटीसकट बंद. जोडाक्षरातही बंद. अनुस्वारावर जरा वाद झाला, पण अनुस्वार हे अक्षर नसून टिंब आहे असा निकाल मी दिला. मान हलवणं, हातवारे करणं, लिहून दाखवणं म्हणजे कॉपी. आणि या खेळाबद्दल घराबाहेर चकार शब्द काढायचा नाही. पहिल्या पानाच्या माणसाला डोक्याचा व्यायाम लागतो ही बातमी फुटू देणं परवडणारं नव्हतं.

शिक्षा बायकोने ठरवली. आमच्याकडे कपाटाएवढा एक कूलर आहे. तो गडगडतो घरभर, पण गार करतो फक्त समोरची एकच खुर्ची. त्या खुर्चीवर मी बसतो. चुकलो तर खुर्ची तिची.

पहिल्या दिवशी ‘ठ’ निघाला. मी रात्रीपर्यंत असा सहज जिंकलो की मला वाटलं, मेंदू तसा ठीकच आहे. (‘ठीक’ हा शब्द मी दुसऱ्या दिवशी वापरला, याची नोंद घ्यावी.) दुसऱ्या दिवशी ‘ळ’ आला. ‘मथळा’ हा ज्यावर माझं पोट चालतं तो शब्दच गेला. दिवसभर मी ‘शीर्षक, शीर्षक’ म्हणत राहिलो आणि शिपायाला वाटलं साहेब कुठल्यातरी परीक्षेला बसतायत. तिसऱ्या दिवशी मात्र ‘क’ निघाला, आणि चहाचा पहिला घोट घेतानाच मला घाम फुटला. कोण, काय, कुठे, कधी, कसं, का! आपल्या भाषेतले सगळे प्रश्न एकाच अक्षराच्या दावणीला बांधलेले आहेत, आणि तेच सोडून मला वर्तमानपत्रात दिवस काढायचा होता.

दुपारी बातमीदाराचा फोन आला. “साहेब, आग लागलीय!”

“स्थळ?” मी म्हणालो.

“अं? जुना बाजार.”

“वेळ?”

“तास झाला असेल.”

“जखमी?”

“दोघं. किरकोळ.”

“आगीचं मूळ?”

“बघून... बघून लगेच सांगतो, साहेब!”

एरवी हा माणूस आगीची बातमी सूर्योदयापासून सुरू करतो. त्या दिवशी त्याची बातमी इतकी नेटकी आली की मला कापायला काही उरलं नाही. काचेच्या केबिनमधून साहेबांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी अंगात वीज संचारल्यासारखा घरी आलो. जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढलो. शब्द कसे समोर येऊन उभे राहत होते! एक दार बंद केलं की पाच दारं उघडत होती. मी बायकोला म्हणालो, “अगं, मी तर आता शब्दकोशच झालोय.” मात्र हे वाक्य उच्चारायला मला रात्री बारा वाजेपर्यंत थांबावं लागलं, आणि ती झोपली होती.

असा मी चढत चढत रविवारपर्यंत पोचलो. रविवारी माझी सुट्टी, आणि त्याच दिवशी साहेबांचा फोन यायचा होता. लेकीने चिठ्ठी उघडली आणि ती आधी हसायला लागली, मग तिने माझ्या फोनकडे पाहिलं.

“न,” ती म्हणाली.

बायकोने कप खाली ठेवला. “न? म्हणजे आज हे ‘नाही’ म्हणणार नाहीत?”

“नाही, नको, नव्हे, नका,” लेकीने बोटांवर मोजलं. “सगळेच गेले.”

“सोपं आहे!” मी म्हणालो. तीन दिवसांचा विजय माझ्या डोक्यात होता.

“अहो,” बायको म्हणाली, आणि तिचा आवाज लग्नानंतर पहिल्यांदाच इतका गोड झाला, “कोपऱ्यातली ती वर्तमानपत्रांची थप्पी रद्दीत देऊ का?”

मी केलेली सगळी पहिली पानं त्या थप्पीत आहेत. ‘न’ ओठांपर्यंत आला. मी तो गिळला.

“हळूहळू,” मी म्हणालो.

“बरं. हळूहळू आजपासूनच सुरू करते.”

“बाबा, मी मैत्रिणींबरोबर चार दिवस सहलीला जाऊ?”

“बघू.”

आजवर आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ असा स्पष्ट अर्थ होता. त्या दिवशी पंचांनी, म्हणजे बायकोने, तो बदलला. “बघू म्हणजे हो,” ती म्हणाली. “जा गं. बॅग काढ.”

एवढ्यात बेल वाजली. दारात आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. हे गृहस्थ बोलतात तेव्हा सूचनाफलक वाचल्यासारखे बोलतात. मागे वरच्या मजल्यावरचे विमावाले.

“आज अकरा वाजता माझ्या घरी सभा. विषय, रोज जाणारी वीज. सर्वांनी वेळेवर यावे. आणि तुमचा कूलर जरा नेतो. पंधरा माणसं एका खोलीत म्हणजे जीव जाईल. नेऊ ना?”

“छे छे!” मी जिवाच्या आकांताने म्हणालो.

इथे मला आपल्या भाषेबद्दल एक गंभीर तक्रार करायची आहे. ‘छे’ एकदा म्हटलं तर तो नकार असतो. दोनदा म्हटलं की ती नम्रता होते. घाबरलेला माणूस सगळं दोनदा म्हणतो, याचा विचार भाषेने केलेला दिसत नाही.

“छे छे, त्यात विचारायचं काय, असंच ना?” सेक्रेटरी गहिवरले. “तुमचा स्वभाव माहीत आहे हो मला.” माझा असा स्वभाव मलाच माहीत नव्हता. दोघांनी मिळून कूलर उचलला आणि तो जिन्यावरून, पाहुणा मुक्काम हलवतो तसा, पाणी सांडत गेला.

विमावाले जाता जाता सवयीने म्हणाले, “मग, घेऊ या का एक पॉलिसी?” गेली कित्येक वर्षं ते मला हे जिन्यात विचारतात, मी ‘नाही’ म्हणतो आणि आम्ही दोघं आपापल्या कामाला लागतो. हा प्रश्न नव्हताच, हा आमचा नमस्कार होता. त्यामुळे उत्तराची वाट न बघता त्यांनी पाठ फिरवलीही होती. उत्तर आलं नाही, तेव्हा ते पायरीवर कूलरसकट थबकले.

“काय म्हणालात?”

मी कूलरमधून ओघळणारं पाणी बघू लागलो.

“म्हणजे... विचार आहे?”

“विचार तर प्रत्येकाला असतो,” मी म्हणालो.

त्यांचे डोळे पाणावले. “उद्या सकाळी कागद घेऊन येतो,” ते म्हणाले आणि कूलरची बाजू एकदम हलकी झाल्यासारखे खाली उतरले.

सभेला मी गेलो ते केवळ कूलरवर नजर ठेवायला. बायको आणि लेक माझ्यावर नजर ठेवायला आल्या. सेक्रेटरींनी जाहीर केलं की वीज समिती नेमायची आहे, तिला खमका प्रमुख हवा आणि तो वर्तमानपत्रातलाच हवा, कारण वर्तमानपत्राला सगळे घाबरतात. पंधरा माना माझ्याकडे वळल्या.

“मला वेळ फार कमी आहे,” मी म्हणालो.

“ज्याला वेळ कमी, तोच कामं करतो!” विमावाले ओरडले. ते आता माझे कट्टर समर्थक झाले होते.

मग मला ‘तो’ शब्द सुचला. ‘न’ नसलेला, निःसंदिग्ध, भारदस्त. मी उभा राहिलो, हात पाठीमागे बांधले (हातवारे म्हणजे कॉपी) आणि गरजलो, “अशक्य!”

मागे बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी टाळ्या कुटल्या. हल्ली त्यांच्यात ‘अशक्य’ म्हणजे फारच छान. लेक तोंडावर ओढणी धरून हसत होती. टाळ्या पुढे सरकत सरकत सेक्रेटरींपर्यंत आल्या आणि मी एकमताने प्रमुख झालो. त्या आनंदात कुणीतरी कूलरचं बटण दाबलं. कूलर एकदा गडगडला आणि सबंध इमारतीची वीज गेली.

नव्या प्रमुखाच्या हातात फोन देण्यात आला. सेक्रेटरींनी बिल समोर धरलं. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

“वीज कार्यालय. बोला,” पलीकडून एक कंटाळलेल्या बाई म्हणाल्या. “वीज आहे की नाही?”

“गेली.”

“पूर्ण?”

“साफ.”

“ग्राहक क्रमांक सांगा.”

“आठ. चार,” मी वाचायला लागलो आणि अडकलो. पुढचा आकडा तीन होता. त्यानंतर नऊ. शेवटाकडे दोन. आकड्यांत एवढे ‘न’ दडलेले असतात हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. पण तीन दिवसांच्या तालमीने मेंदू कसा लखलखत होता! क्षणात उपाय सापडला.

“चार वजा एक,” मी म्हणालो.

“काय?”

“चार, वजा, एक!”

“वजा आमच्या मशीनमध्ये नाही. चार, एक लिहिलं. पुढे?”

“दहा वजा एक.”

“एक, शून्य, एक. पुढे?”

“एक अधिक एक.”

“एक, एक. अहो, आकडे जास्त होतायत.”

सेक्रेटरी विमावाल्यांच्या कानात कुजबुजले, “हे काय चाललंय?”

“सुरक्षेसाठी असेल,” विमावाले म्हणाले. “हल्ली फोनवर सरळ आकडे द्यायचेच नसतात.”

“जास्तीचे मी शेवटून उडवते,” बाई म्हणाल्या. जागेत बसत नाही म्हणून शेवटचं उडवणारी ही बाई मला एकदम आमच्यातली वाटली. “नाव?”

“तक्रारदार,” मी म्हणालो, कारण माझ्या आडनावाच्या बरोबर मध्यभागी ‘न’ आहे.

“तक्रार नोंदवली. माणसं निघाली.”

जोरदार टाळ्या पडल्या. मीही मनातल्या मनात वाजवल्या.

माणसं आली नाहीत. दुपार भट्टीसारखी तापली. घरात बसवेना म्हणून सगळी इमारत जिन्यात येऊन बसली, कारण तिथे निदान सावली होती. प्रत्येक पायरीवर एक कुटुंब. आमच्या दारात बायको थप्पी सोडून वर्तमानपत्रांनी वारा घेत होती, म्हणजे माझी पहिली पानं एकदाची कामाला आली होती. लोक दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघत. मी प्रमुखासारखा बसलो होतो.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब.

“सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय,” ते म्हणाले. साहेबांचा आवाज स्पीकरशिवायही तीन मजले जातो. जिना कान टवकारून बसला. “शहराच्या टोकाला तो बर्फाचा कारखाना आहे ना, तिथे गोंधळ झालाय. तिथली वीज उत्तम चालू होती. वीज गेल्याची तक्रार आली म्हणून कार्यालयाची माणसं गेली, तपासायला म्हणून त्यांनीच ती बंद केली, आणि आता त्यांना ती चालू करता येत नाहीय. बर्फ वितळून रस्त्यावर आलाय. लोक चपला काढून त्यात उभे आहेत.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तक्रार म्हणे कुणीतरी पाढे म्हणत केली. बेरजा-वजाबाक्या. फोन तुमच्याच भागातून होता. तुम्हाला काही माहीत आहे?”

कोणताही शहाणा माणूस इथे दोन अक्षरांचा एक शब्द उच्चारून मोकळा झाला असता. तेव्हा मला कळलं, ‘न’ गेला की माणसाला नुसतं नाकारताच येत नाही असं नाही, थापही मारता येत नाही.

“आहे,” मी म्हणालो.

“कोण होता?”

“मी.”

साहेबांनी हळू आवाजात विचारलं, “शुद्धीत होतात?”

“पूर्ण.”

“मग आकडे असे का सांगितलेत?”

“मेंदू तल्लख ठेवायला.”

जिन्यात कुणीतरी खोकलं. सेक्रेटरी माझ्याकडे असे बघत होते, जणू मला आधी कधी पाहिलंच नव्हतं.

“हं,” साहेब म्हणाले. “ऊन फारच आहे. मी ठरवलंय. उद्यापासून तुम्ही सातवं पान घेताय. घेताय ना?”

मी शब्द शोधू लागलो. ‘हळूहळू’ म्हटलं तर आजपासूनच सुरू होणार होतं. ‘बघू’चा अर्थ बदललेला होता. ‘छे छे’ने कूलर गेला होता, ‘अशक्य’ने मी प्रमुख झालो होतो, ‘वेळ कमी आहे’ म्हटलं तर सातव्या पानाबरोबर सहावंही गळ्यात पडलं असतं. समोर बायको मी केलेल्या पानाने वारा घेत होती. त्या पानावरचा एकेक मथळा मला पाठ होता. लेक माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होती. हसत नव्हती.

“घेताय ना?” साहेबांनी पुन्हा विचारलं.

“नाही!”

तो आवाज माझा होता हे मला जिना घुमल्यावर कळलं. वरच्या पायरीवर विमावाले मटकन खाली बसले.

“बाबा, आउट!” लेक किंचाळली, पण आता बांध फुटला होता. दिवसभर गिळलेले सगळे ‘न’ एकदम बाहेर पडू लागले. “नाही! सातवं पान नको! मुळीच नको! कूलर कुणीही नेऊ नका, थप्पीला हात लावू नका, मी कसलाही प्रमुख नाही, आणि पॉलिसी मी घेतली नाही, घेत नाही, घेणार नाही! आणि सहलीला...” मी लेकीकडे पाहिलं. तिने बॅगेचा बंद घट्ट धरला होता. “सहलीला जा.”

मी धापा टाकत थांबलो. फोन अजून कानाशी होता.

“अहो,” साहेब म्हणाले, “एवढा ठणठणीत ‘नाही’ तुमच्याकडे होता, तर त्या दिवशी मथळ्यात का नाही घातलात?”

आणि मग फोनमधून एक विचित्र आवाज यायला लागला. साहेब हसत होते. आमच्या कचेरीत हा आवाज आजवर कुणी ऐकलेला नाही.

“निघून या,” ते म्हणाले. “पहिलं पान रिकामं पडलंय. या बर्फाच्या बातमीची तुमच्याइतकी आतली माहिती कुणाकडे असणार? फक्त मथळा मला दाखवून सोडा.”

मी तसाच चपला घालून धावलो. मथळा केला, ‘शहरातील बर्फ कारखान्यात वीज नाही’. तो एका शब्दाने लांब होत होता. मी ‘शहरातील’ उडवला. साहेबांनी मथळा दोनदा वाचला, शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं आणि मान डोलावली. त्यांचं ते मान डोलावणं मी नियमात बसवून घेतलं.

रात्री वीज आली, कूलर आला, सेक्रेटरींनी समितीचं प्रमुखपद विमावाल्यांना दिलं. खुर्ची मात्र नियमाप्रमाणे बायकोची झाली. ती तिच्यावर झोपली, चष्मा घालून.

सोमवारी सकाळी डबा पुन्हा समोर आला. लेकीने सहलीला निघता निघता चिठ्ठी काढून दिली. ‘ह’.

“म्हणजे आज ‘हो’ गेलं,” बायको म्हणाली. “बरं झालं.”

“आई, ‘नाही’सुद्धा गेलं,” लेक म्हणाली. “नाहीमध्ये ह आहे.”

बेल वाजली. दारात विमावाले. इस्त्रीचा शर्ट, हातात कागद, पेनाचं टोपण काढलेलं.

“काल तुम्ही जरा तापला होतात,” ते चाचरत म्हणाले. “म्हटलं, आज गार डोक्याने विचारावं. मग, घेऊ या का एक पॉलिसी?”

घर श्वास रोखून उभं राहिलं. हो नाही आणि नाहीही नाही. मी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, आणि मेंदूने तो शब्द कसा अलगद हातात आणून ठेवला! दोनच अक्षरं. कितीही अरुंद रकान्यात बसतील अशी.

“नको,” मी म्हणालो.

विमावाल्यांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांचा चेहरा उजळला.

“हां,” ते म्हणाले, “आता कसं बरं वाटलं. काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हटलं, ह्यांना झालंय तरी काय?”

आणि शीळ घालत ते जिना उतरून गेले.